एकल मालकी पुरवठादारांना द्यावयाची देयके : करओळख व मुळातून करकपात – महाविद्यालयीन व्यवहारांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयांची भोजनव्यवस्था, मंडप, छपाई, संगणक दुरुस्ती, रंगकाम, वाहतूक इत्यादी कामे बहुतांशी एकल मालकीच्या व्यावसायिकांकडून करून घेतली जातात. अशा व्यवसायाच्या फलकावरील नाव आणि करदात्याचे नाव भिन्न असते. या भिन्नतेमुळे करकपातीचा दर, करकपातीची मर्यादा आणि कपात केलेल्या कराचे श्रेय या तिन्ही बाबतींत चुका संभवतात. त्यांचा आर्थिक भार कधी महाविद्यालयावर, तर कधी लहान व्यावसायिकावर पडतो. प्रस्तुत लेखात यासंबंधीच्या तरतुदींचे स्वरूप, त्यांमागील तर्क आणि व्यवहारात घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : एकल मालकी, पॅन, टॅन, मुळातून करकपात, पुरवठादार, महाविद्यालय प्रशासन.

१. प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत व्यवसाय संघटनेच्या प्रकारांमध्ये ‘एकल व्यापारी’ हा प्रकार सर्वप्रथम शिकविला जातो. व्यवसाय व मालक यांना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जाते. तथापि त्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात एखाद्या ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘असोसिएट्स’चे देयक येते, तेव्हा या तत्त्वाचा विसर पडतो. देयकावरील नाव ही एक संस्था आहे असे गृहीत धरून नोंद केली जाते आणि त्याच गृहीतावर करकपातीचा दर ठरविला जातो.

हा विषय केवळ लेखा विभागापुरता मर्यादित नाही. चर्चासत्राचे समन्वयक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वार्षिक अंकाचे संपादक, क्रीडा विभागप्रमुख अशा विविध नात्यांनी प्राध्यापक पुरवठादार निवडतात, अग्रिम रक्कम उचलतात व देयके प्रमाणित करतात. चुकीचा उगम पुष्कळदा याच टप्प्यावर होतो. म्हणून या तरतुदींची मूलभूत माहिती प्राध्यापकांनाही असणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) एकल मालकी व्यवसायाची करओळख कशी निश्चित होते हे स्पष्ट करणे.
(२) अशा व्यावसायिकांना रक्कम देताना लागू होणाऱ्या करकपातीच्या तरतुदी विशद करणे.
(३) पॅन नसल्यास वा सदोष असल्यास होणारे परिणाम उदाहरणासह मांडणे.
(४) महाविद्यालयीन व्यवहारांसाठी उपयुक्त कार्यपद्धती सुचविणे.

लेखासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियमातील तरतुदी व केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रके हा विवेचनाचा आधार आहे. दिलेली उदाहरणे काल्पनिक आहेत.

३. कायद्याची चौकट

प्राप्तिकर अधिनियम १९६१ ची जागा १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ ने घेतली आहे. जुन्या अधिनियमात कंत्राटदारांसाठी कलम १९४-सी, व्यावसायिक सेवांसाठी १९४-जे, भाड्यासाठी १९४-आय अशी विखुरलेली कलमे होती. नव्या अधिनियमात वेतनेतर देयकांवरील करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये कोष्टकरूपाने एकत्र आणल्या आहेत. पॅन न दिल्यास जादा दराने कपात करण्याची तरतूद पूर्वी कलम २०६-एए मध्ये होती. ती आता कलम ३९७ मध्ये आहे. ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या दुहेरी संज्ञांऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. कंत्राटदार व व्यावसायिक यांच्याबाबतचे दर व मर्यादा मात्र नव्या अधिनियमात कायम आहेत. कार्यालयांतून जुने कलम क्रमांकच अद्याप रूढ असल्याने पुढील विवेचनात ओळखीसाठी त्यांचाच उल्लेख केला आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट ठरेल. महाविद्यालय किंवा त्याची मातृसंस्था करमुक्त असल्यामुळे तिने करकपात करण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. तो ग्राह्य नाही. कपात केला जाणारा कर हा संस्थेचा नसून रक्कम घेणाऱ्याचा असतो. संस्था केवळ तो वसूल करून शासनाकडे भरते. कलम १९४-सी मध्ये न्यास, विद्यापीठे व नोंदणीकृत संस्था यांचा करकपातकर्ता म्हणून स्पष्ट समावेश होता.

४. एकल मालकी व्यवसायाची करओळख

४.१ पॅन : पॅन अर्थात कायम खाते क्रमांक दहा अक्षरांकांचा असतो. त्यात पहिली पाच अक्षरे, नंतर चार अंक व शेवटी एक अक्षर असते. यातील चौथे अक्षर करदात्याचा प्रकार दर्शविते. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ‘एफ’ म्हणजे भागीदारी संस्था, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘टी’ म्हणजे न्यास. मर्यादित दायित्व भागीदारीच्या पॅनमध्येही ‘एफ’ हेच अक्षर असते. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते.

एकल मालकी व्यवसायाला स्वतंत्र पॅन मिळत नाही. मालकाचा वैयक्तिक पॅन हाच व्यवसायाचा पॅन असतो. त्यामुळे देयकावर ‘अँड कंपनी’ असे छापलेले असले तरी पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असल्यास रक्कम व्यक्तीला दिली जात आहे असेच समजावे लागते. उलटपक्षी, देयकावर एकाच व्यक्तीचे नाव ठळक असूनही चौथे अक्षर ‘एफ’ असल्यास तेथे भागीदारी आहे. फलकावरील नावापेक्षा पॅनमधील एक अक्षर येथे निर्णायक ठरते.

४.२ वस्तू व सेवा कर क्रमांक : हा क्रमांक पंधरा अक्षरांकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक दर्शवितात. महाराष्ट्रासाठी २७ व गोव्यासाठी ३० हे संकेतांक आहेत. त्यापुढील दहा अक्षरांक म्हणजे पॅनच होय. त्यामुळे नोंदणीकृत पुरवठादाराच्या देयकावरूनच त्याचा पॅन ताडून पाहता येतो. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यास ‘कायदेशीर नाव’ व ‘व्यापारी नाव’ अशी दोन नावे दिसतात. एकल मालकीत कायदेशीर नाव मालकाचे असते. लहान व्यावसायिक नोंदणीच्या मर्यादेखाली असल्यास हा क्रमांक नसतो. तेव्हा पॅनची प्रत हाच आधार उरतो.

४.३ टॅन : करकपात करणाऱ्याचा क्रमांक म्हणजे टॅन. तोही दहा अक्षरांकांचा असतो, परंतु त्याची रचना चार अक्षरे, पाच अंक व एक अक्षर अशी असते. पॅन घेणाऱ्याचा व टॅन देणाऱ्याचा, हा भेद लक्षात ठेवल्यास गोंधळ टळतो.

४.४ ओळख बदलण्याचे प्रसंग : मालकाचे निधन झाल्यावर मुलगा अथवा पत्नी त्याच नावाने, त्याच दुकानात व्यवसाय पुढे चालवितात. महाविद्यालयाच्या दृष्टीने पुरवठादार तोच असतो. करकायद्याच्या दृष्टीने मात्र करदाता बदललेला असतो. जुन्या पॅनवर कर भरल्यास तो मृत व्यक्तीच्या खात्यात जमा होतो व वारसाला श्रेय मिळत नाही. तसेच व्यावसायिकाने कंपनी अधिनियम २०१३ खाली ‘एक व्यक्ती कंपनी’ स्थापन केल्यास मालक एकच राहूनही करदाता बदलतो. पॅनचे चौथे अक्षर ‘सी’ होते आणि कंत्राटी कामावरील दर १ टक्क्यावरून २ टक्के होतो.

या संदर्भात अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना उद्बोधक आहे. तेथे एकाच सभासदाची मर्यादित दायित्व कंपनी, अन्य पर्याय स्वीकारला नसल्यास, करासाठी मालकापासून वेगळी मानली जात नाही. पुरवठादाराकडून घेतल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यू-९’ नमुन्यात पहिल्या ओळीत मालकाचे नाव व दुसऱ्या ओळीत व्यवसायाचे नाव लिहावे लागते. करओळख क्रमांक न दिल्यास २४ टक्के दराने कपात होते. म्हणजे भारतात एक व्यक्ती कंपनी ही मालकाहून भिन्न करदाता ठरते, तर तेथे तिच्याशी साधर्म्य असलेला प्रकार सर्वसाधारणपणे मालकातच विलीन मानला जातो. दोन्ही देशांत प्रश्न मात्र एकच आहे : या नावामागे करदाता कोण?

५. करकपातीच्या प्रमुख तरतुदी

५.१ कंत्राटी कामे : कलम १९४-सी १९७२ साली अस्तित्वात आले. १ ऑक्टोबर २००९ पूर्वी कंत्राट व उपकंत्राट या भेदावर दर अवलंबून होता. त्या दिनांकापासून व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासाठी १ टक्का आणि इतरांसाठी २ टक्के असा दर ठरला. म्हणजेच पुरवठादार कोण आहे ही बाब दराच्या केंद्रस्थानी आली. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांहून अधिक असल्यास, किंवा वर्षभरातील एकूण रक्कम १,००,००० रुपयांहून अधिक झाल्यास कपात करावी लागते. वार्षिक मर्यादा १ जून २०१६ पूर्वी ७५,००० रुपये होती.

‘काम’ या संज्ञेत भोजनव्यवस्था, जाहिरात, माल वा प्रवासी वाहतूक (रेल्वे वगळून) यांचा समावेश होतो. ग्राहकाने पुरविलेल्या साहित्यातून वस्तू तयार करून देणे हेही ‘काम’ आहे. परंतु उत्पादकाने स्वतःचे साहित्य वापरल्यास तो व्यवहार विक्रीचा ठरतो. उदाहरणार्थ, वार्षिक अंकाचा कागद महाविद्यालयाने दिला असल्यास छपाईचे देयक करकपातीस पात्र ठरते. मुद्रकाने स्वतःचा कागद वापरून छापील अंक पुरविल्यास या कलमाखाली कपात लागू होत नाही. ग्रंथ, रसायने, लेखनसामग्री यांची खरेदी हीदेखील विक्रीच होय. वस्तुखरेदीवरील ०.१ टक्का कपातीची तरतूद एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाख रुपयांहून अधिक खरेदी करणाऱ्या मोठ्या उलाढालीच्या खरेदीदारांपुरती आहे.

५.२ व्यावसायिक व तांत्रिक सेवा : सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद यांसारख्या व्यावसायिकांना दिलेल्या शुल्कावर १० टक्के, तर तांत्रिक सेवांवर १ एप्रिल २०२० पासून २ टक्के कपात होते. यासाठीची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० ऐवजी ५०,००० रुपये झाली. येथे व्यक्ती व संस्था असा दरभेद नाही.

संगणकांच्या वार्षिक देखभालीचे कंत्राट कोठे मोडते, हा नेहमीचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ८ ऑगस्ट १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ नुसार सुट्या भागांसह असलेली नित्याची देखभाल कंत्राटी कामात येते. प्रत्यक्ष तांत्रिक सेवा असल्यास ती तांत्रिक सेवेत गणली जाते. दुरुस्ती करणारा एकल मालक असल्यास पहिल्या प्रकारात दर १ टक्का, दुसऱ्यात २ टक्के होतो. म्हणून कार्यादेशातील कामाचे वर्णन नेमके असावे.

५.३ भाडे : जागेच्या भाड्यावर १० टक्के व यंत्रसामग्रीच्या भाड्यावर २ टक्के दर आहे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा दरमहा ५०,००० रुपये करण्यात आली.

५.४ कोणत्या रकमेवर व केव्हा : देयकात वस्तू व सेवा कर वेगळा दर्शविला असल्यास तो वगळून उर्वरित रकमेवर कपात करावी, असे १९ जुलै २०१७ च्या परिपत्रक क्रमांक २३ मध्ये स्पष्ट केले आहे. खात्यात रक्कम जमा करणे किंवा प्रत्यक्ष अदा करणे यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कपात करावयाची असते. अग्रिम रकमेवरही ती लागू होते. कपात केलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. त्यानंतर तिमाही विवरणपत्र सादर करून पुरवठादारास प्रमाणपत्र द्यावे लागते.

५.५ कपात टाळण्याचे वैध मार्ग : आपले उत्पन्न करपात्र नाही असे सांगून काही व्यावसायिक ‘१५-जी’ या नावाने परिचित असलेले घोषणापत्र देतात. बँकेच्या व्याजासाठी ते चालते. कंत्राटी कामासाठी किंवा व्यावसायिक शुल्कासाठी चालत नाही. अशा व्यावसायिकाने प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी वा शून्य दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळविणे हा योग्य मार्ग आहे. माल वाहतूकदाराकडे वर्षात केव्हाही दहाहून अधिक मालवाहू वाहने नसतील, तर पॅनसह तसे घोषणापत्र दिल्यावर कपात करावी लागत नाही.

६. पॅन नसणे व सदोष पॅन : परिणाम

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कलम २०६-एए नुसार पुरवठादाराने पॅन न दिल्यास विहित दर किंवा २० टक्के यांपैकी जो अधिक असेल त्या दराने कपात करावी लागते. पॅन चुकीचा असल्यास किंवा तो दुसऱ्याच व्यक्तीचा असल्यास पॅन दिलाच नाही असे मानले जाते. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले व त्यांनाही जादा दर लागू झाला. या तरतुदीच्या अंमलबजावणीत २०२४ व २०२५ मध्ये परिपत्रकांद्वारे काही सवलती देण्यात आल्या. त्या विहित मुदतीत पॅन सक्रिय करण्यावर अवलंबून होत्या. विवरणपत्र न भरणाऱ्यांसाठी २०२१ साली आलेले कलम २०६-एबी मात्र १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. त्यामुळे आता त्या कारणास्तव जादा कपात करणे चुकीचे ठरेल.

एका उदाहरणाने या तरतुदीचे गांभीर्य स्पष्ट होईल. समजा, एका व्यक्तीचे दोन व्यवसाय आहेत. एका नावाने भोजनव्यवस्था व दुसऱ्या नावाने मंडप सजावट केली जाते. महाविद्यालयाने एका वर्षात भोजनाची प्रत्येकी २८,००० रुपयांची तीन देयके व त्यानंतर मार्चमध्ये सजावटीचे २४,००० रुपयांचे देयक मंजूर केले. एकही देयक ३०,००० रुपयांहून अधिक नाही. लेखापुस्तकात दोन स्वतंत्र खाती असल्याने ८४,००० व २४,००० अशा बेरजा दिसतात आणि कपात नको असा निष्कर्ष निघतो. परंतु पॅन एकच असल्याने एकूण रक्कम १,०८,००० रुपये होते व वार्षिक मर्यादा ओलांडली जाते. कपात संपूर्ण १,०८,००० रुपयांवर, म्हणजे १ टक्का दराने १,०८० रुपये होते. ती शेवटच्या देयकातून केल्यास व्यावसायिकास २२,९२० रुपये मिळतात.

याच व्यक्तीचा पॅन निष्क्रिय वा चुकीचा असल्यास कपात २१,६०० रुपये होते आणि २४,००० रुपयांच्या देयकापोटी त्याच्या हाती केवळ २,४०० रुपये पडतात. किराणा व मजुरी यांचा खर्च त्याने आधीच केलेला असतो. पॅनअभावी या कराचे श्रेयही त्याच्या खात्यात दिसत नाही. महाविद्यालयाने पॅन न तपासता १ टक्का दराने कपात केली, तर उरलेल्या २०,५२० रुपयांची मागणी विवरणपत्राच्या छाननीनंतर महाविद्यालयाकडे येते. तोवर व्यावसायिकाचा हिशेब चुकता झालेला असतो. एका अक्षराच्या टंकनदोषानेही हेच घडू शकते.

७. करकपातकर्त्याचे दायित्व

कपात न केल्यास दरमहा १ टक्का व कपात करूनही रक्कम न भरल्यास दरमहा १.५ टक्के व्याज द्यावे लागते. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. विवरणपत्रास विलंब झाल्यास प्रतिदिन २०० रुपये शुल्क आहे. मात्र ते एकूण कराच्या रकमेहून अधिक नसते. वरील उदाहरणातील १,०८० रुपये एवढाच कर विवरणपत्रात असेल, तर सहाव्या दिवशी शुल्क कराइतके होते. दुरुस्ती विवरणपत्र सादर करण्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मुदत घालण्यात आली होती. नव्या अधिनियमात ती दोन वर्षे आहे. त्यामुळे जुन्या चुका नंतर सुधारण्याची सवय महाग पडू शकते.

उत्पन्नाच्या विनियोगावर करमुक्ती घेणाऱ्या न्यासांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. वित्त अधिनियम २०१८ नुसार, करकपात न केलेल्या खर्चाच्या ३० टक्के रकमेला उत्पन्नाचा विनियोग मानण्याचे नाकारले जाते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख रक्कम दिल्यासही तो खर्च विनियोग म्हणून अमान्य होतो. चर्चासत्राच्या अग्रिमातून समन्वयकाने भोजनाचे देयक रोखीने चुकविणे ही सोय म्हणून रूढ पद्धत आहे. तिच्यात हे दोन्ही दोष एकाच वेळी घडतात. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवून कर भरल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मिळाल्यास मूळ कराच्या दायित्वातून सुटका होते, परंतु व्याज द्यावेच लागते.

शासकीय महाविद्यालयांना याखेरीज वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ५१ खालील २ टक्के कपातीचा विचार करावा लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून ती अडीच लाख रुपयांहून अधिक मूल्याच्या करारांना लागू आहे. ही कपात प्राप्तिकराहून स्वतंत्र आहे.

८. सूचना

(१) कार्यादेश देण्यापूर्वीच पुरवठादाराकडून व्यापारी नाव, मालकाचे नाव, पॅनची प्रत व बँक खात्याचा तपशील असलेले माहितीपत्रक घ्यावे. काम झाल्यावर पॅन मागणे दोघांच्याही अडचणीचे ठरते.

(२) पॅनची वैधता व आधार जोडणी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासून त्याची मुद्रित प्रत नस्तीत ठेवावी. ही तपासणी दरवर्षी नव्याने करावी.

(३) लेखापुस्तकातील पुरवठादाराचे खाते नावावर न ठेवता पॅनवर आधारित ठेवावे. त्यामुळे एकाच मालकाच्या अनेक व्यवसायांची बेरीज आपोआप होईल.

(४) अग्रिम घेणाऱ्या प्राध्यापकांनी पुरवठादारास थेट रक्कम न देता देयक कार्यालयाकडे पाठवावे व रक्कम बँकेमार्फत अदा व्हावी.

(५) पॅन निष्क्रिय आढळल्यास व्यावसायिकास लेखी कळवून तो सक्रिय करून घेण्यास वेळ द्यावा. हे काम कार्यक्रमापूर्वी झाल्यास २० टक्के कपातीचा प्रसंगच येत नाही.

(६) करकपातीचे प्रमाणपत्र पुरवठादाराने मागण्याची वाट न पाहता पाठवावे. करपात्र उत्पन्न नसलेल्या व्यावसायिकास परतावा मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, याचीही कल्पना द्यावी.

९. निष्कर्ष

एकल मालकी व्यवसायात व्यवसाय व व्यक्ती एकच असतात, हे पाठ्यपुस्तकातील तत्त्वच करकपातीच्या संपूर्ण व्यवस्थेचा पाया आहे. दर ठरविताना पॅनचे चौथे अक्षर, मर्यादा मोजताना मालकाच्या सर्व व्यवसायांची बेरीज आणि श्रेय देताना मालकाचा अचूक व सक्रिय पॅन, या तीन बाबींकडे लक्ष दिल्यास बहुतेक चुका टळतात. १ टक्का आणि २० टक्के यांतील अंतर हे पुरवठादाराच्या प्रामाणिकपणावर नव्हे, तर पुष्कळदा एका कागदाच्या तपासणीवर अवलंबून असते. ज्या व्यावसायिकाचे खेळते भांडवल एका देयकात अडकू शकते, त्याच्यासाठी ही तपासणी वेळेवर होणे ही महाविद्यालयाची केवळ कायदेशीर नव्हे, तर व्यवहारातील सचोटीचीही जबाबदारी आहे. कार्यालय व प्राध्यापक यांनी ती मिळून पार पाडल्यास संस्थेचा निधी व लहान व्यावसायिकाचे कष्टाचे पैसे दोन्ही सुरक्षित राहतील.